थोडक्या माणसांची शाळा

आमच्या बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या खेड्यांत एखाद्यानं पोरगी कॉन्व्हेंटात घातली की गावाला दोन काळज्या लागतात. पहिली, ही आता किरिस्ताव होणार. दुसरी, हिची मराठी सुटणार. पहिली पारावर उघड बोलली जाते. दुसरी घरात, जेवताना निघते, आणि खरं तर तीच जास्त खोलवर बोचते. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून आम्ही घट्ट धरून आहोत ती मराठीच. मी सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होते. आमच्याकडे सातवीनंतर हायस्कूल गाठावं लागतं, आणि बाबांनी मला आठवीला कॅम्पातल्या सिस्टरांच्या शाळेत घातलं. दोन्ही काळज्या एकदमच आमच्या घरी मुक्कामाला आल्या.

त्या शाळेनं तुला काय दिलं, असं विचारणाऱ्याला ‘इंग्रजी’ हे उत्तर हवं असतं. इंग्रजी मिळालंच. बँकेतली नोकरी त्याच जोरावर लागली, त्याचं ऋण मी मानते. पण मला लिहावंसं वाटतं ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. संख्येनं थोड्या असलेल्या माणसांनी ताठ कसं उभं राहायचं आणि तरीही आपलं दार उघडं कसं ठेवायचं, हे मी त्या शाळेत रोज डोळ्यांनी पाहिलं. सीमाभागातल्या मराठी पोरीला यापेक्षा गरजेचं दुसरं काही शिकायला मिळालं असतं असं मला वाटत नाही.

कॅम्प ही बेळगावातली जरा निराळीच वस्ती. १८१८ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांकडून किल्ला घेतला आणि इथं छावणी पडली. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर आले आणि मिशनचं काम सुरू झालं. पुढे १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथडिस्टांच्या, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या, हाती गेलं. कॅथलिकांचं सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ चं, म्हणजे सत्तावन्नच्या उठावाच्याही आधीचं. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ चा. पण नुसत्या सनावळीवरून तिथली माणसं कळत नाहीत. गोव्याहून घाट चढून आलेली कोकणी घरं, मंगळूरकडची घरं, छावणीच्या मागोमाग आलेले तमिळ, मेथडिस्टांतले मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे, असे सगळे मिळूनसुद्धा जिल्ह्यात शेकड्याला एक माणूस ख्रिस्ती भरणार नाही. आणि शाळा मात्र यांच्या, ज्यांत निम्म्या बेळगावची मुलं शिकून बाहेर पडली. माझ्या वर्गात ख्रिस्ती मुली मोजक्या होत्या. बाकी आम्ही मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, सारस्वत. एवढ्या थोड्या लोकांना एवढ्या सगळ्यांची मुलं सांभाळायचा हिय्या होतो कसा, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून आहे.

घरची गोष्ट सांगायला हवी. आबा, म्हणजे माझे आजोबा, महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या समितीचे, जुने कार्यकर्ते. १७ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि १ जून हे दोन दिवस आमच्या घरी सणासारखेच पाळले जायचे, फक्त गोड काही व्हायचं नाही. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात १ जूनला गोळीबार झाला तेव्हा मी लहान होते. हिंडलग्याच्या स्मारकापाशी आबांच्या खांद्यावर बसून गेलेली मला आठवते. बसमध्ये कंडक्टर कन्नडमधून काही विचारी, आबा मराठीतून उत्तर देत, आणि तिकीट हातात येई. त्यांचं कन्नड उत्तम होतं हे मला पुढे कळलं. बाबा उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका फाउंड्रीत होते. ड्रॉइंग इंग्रजीत येई, ते वाचणारा वरच्या खुर्चीत बसे आणि रस ओतणारा भट्टीपाशी. बाबांनी एवढंच पाहून ठरवलं. आबा कित्येक दिवस बोलले नाहीत. शेवटी आज्जीनंच चुलीपाशी बसून निकाल दिला, “शिकू दे की रे पोरीला. देव काय शाळेत बदलतोय?”

पहिले महिने वाईट गेले. ते सगळ्यांचेच जातात, त्यात विशेष नाही. वर्गात बाकीच्या मुली खाली मान घालून भराभरा लिहायच्या आणि मी फळ्यावरची अक्षरं एकेक करून उतरवत बसायची. पण एक तास मला सबंध आठवतो. जीवशास्त्राच्या सिस्टर केरळच्या होत्या, उंच, आवाज बारीक. त्यांनी बटाटा आणि रताळं टेबलावर ठेवलं आणि विचारलं, यातलं मूळ कुठलं आणि खोड कुठलं? पुस्तकात उत्तर होतं, पण पुस्तकं मिटायला सांगितली होती. कुणी हात वर केला नाही. आमच्या बेळगुंदीच्या पट्ट्यात ही दोन्ही पिकं घराघरात. बटाटा लावताना आम्ही त्याच्या फोडी करतो, प्रत्येक फोडीला एक तरी डोळा राहील असं बघून. रताळ्याच्या फोडी कुणी लावत नाही. वेलाचे तुकडे करून सरीत दाबतात. मला ते माहीत होतं, पण इंग्रजीतून सांगता येत नव्हतं. सिस्टरांची नजर माझ्यावर आली. त्या थांबल्या. आमच्या गावच्या शाळेत उत्तर आलं नाही की पुढच्याचा नंबर लागायचा. ह्या थांबल्या, आणि थांबताना त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही घाई नव्हती. मग त्यांनी मोडक्या मराठीत विचारलं, “तुझ्या भाषेत सांग.” मी उभी राहिले आणि डोळ्यांचं, वेलाचं, सरीचं सगळं सांगितलं. ज्याला डोळे असतात त्याला कोंब फुटतो, म्हणजे ते खोड. रताळ्याला डोळे नाहीत, ते मूळ. सिस्टरांनी कॅम्पातल्या एका मुलीला ते इंग्रजीत करून सांगायला लावलं, आणि तिनं सांगितलेलं मला पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डोळे फुटलेला बटाटा आणि रताळ्याचा वेल घरून आणायला सांगितला. महिनाभर दोन्ही वर्गाच्या खिडकीत होते.

त्या दिवसानंतर मी वर्गात बोलायला लागले. आधी चुकत, अडखळत, पण बोलायला लागले. मला वाटतं माणूस वाढतो तो असाच, कुणीतरी त्याच्यासाठी थांबतं म्हणून.

किरिस्ताव होण्याची काळजी फार दिवस टिकली नाही. सकाळच्या प्रार्थनेत आम्ही सगळ्या हात जोडून उभ्या राहायचो. धर्मशिक्षणाच्या तासाला ख्रिस्ती मुली वेगळ्या बसायच्या आणि आम्हाला नीतिशिक्षण असायचं. ‘तू हे मान’ असं मला तिथं कुणी एकदाही म्हटलं नाही. आबा रात्री चौकशी करायचे, आज काय म्हणायला लावलं? मी त्यांना प्रार्थनेचा अर्थ मराठीत सांगितला, की रोजची भाकरी दे, आमच्या चुका पोटात घाल, जशा आम्ही दुसऱ्यांच्या घालतो. आज्जी म्हणाली, “मग त्यात काय वाईट आहे? आपण तरी दुसरं काय मागतो?” आबा काही बोलले नाहीत, पण चौकशी थांबली.

डिसेंबरात शाळेत येशूजन्माचा देखावा करतात. त्या वर्षी आमच्या वर्गाकडे गोठा आला. शहरातल्या मुलींनी पुठ्ठ्याचं घर केलं, कापूस लावला, चमकीच्या कागदाचा पाळणा केला. मी बघत होते. बैल भिंतीकडे शेपूट करून उभे होते आणि पाळणा मधोमध. असा गोठा असतो काय? मी म्हटलं, गोठा मी करते. घरून पिंजर आणली. नुकतीच मळणी झालेली, त्यामुळे तिला अजून भाताचा वास होता. आत लांबट गव्हाण केली, भिंतीला लागून, कारण जनावर भिंतीकडे तोंड करून खातं आणि शेण मागे पडतं. गव्हाणीच्या कडेला खुंट्या ठोकल्या, सुतळीची दावी केली. बाळ ठेवायचं तर ते गव्हाणीतच ठेवणार, कारण गोठ्यात कोरडी, उंच आणि मऊ जागा तीच एक असते. ती गोष्ट लिहिणाऱ्याला गोठा नीट माहीत असणार, हे मला त्या दिवशी आतून पटलं. सिस्टर बघायला आल्या आणि बराच वेळ तिथं थांबल्या. म्हणाल्या, मी इतकी वर्षं देखावा बघते, पण बाळाला गव्हाणीत का ठेवलं ते आज कळलं.

नाताळाच्या दिवशी आज्जीला मी घेऊन गेले. डोक्यावर पदर, पायात वहाणा नाहीत, त्या तिनं फाटकातच काढल्या होत्या. तिनं देखावा निरखून पाहिला, मारियेच्या मूर्तीपुढे हात जोडले आणि मला म्हणाली, “बाळंतिणीला वारं लागतंय की गे. मागं तट्ट्या लाव.” मी सिस्टरांना सांगितलं. त्यांनी माळ्याला हाक मारली, गोणपाट मागवलं आणि गोठ्याच्या मागच्या बाजूला ते बांधून घेतलं. पुढे मी शाळेत होते तोवर दरवर्षी देखाव्याला मागून आडोसा असायचा. आज्जीला त्या धर्मातलं काही माहीत नव्हतं आणि सिस्टरांना आमच्या घरातलं. पण ओल्या बाळंतिणीला वाऱ्यापासून जपायचं असतं, यावर दोघींचं एका क्षणात जमलं. मी तेरा-चौदा वर्षांची होते. माझ्या घरचं माणूस परक्यांच्या जागेत इतक्या सहजपणे उभं राहू शकतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

कन्नडचं मात्र इतकं सोपं नव्हतं. शाळेत कन्नड होतंच, आणि मी ते पास होण्यापुरतं लिहीत होते, तोंडानं एक शब्द बोलत नव्हते. कन्नडच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी कधी टोकलं नाही. नववीत आम्हाला अधूनमधून कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात नेऊ लागले. तिथं एका सिस्टरांनी आमच्या हातात एक चप्पल दिली आणि म्हणाल्या, नीट बघा. आतून मऊ मायक्रोसेल्युलर रबर, खाली कडक तळ, मागे पट्टा, आणि सबंध चपलेत एकही खिळा नाही. बोटं झडतात असं गावात आम्ही ऐकलेलं. त्यांनी समजावलं की बोटं झडत नाहीत. रोगानं मज्जातंतू मरतात, दुखणं कळेनासं होतं. काटा रुतला, चुलीचा चटका बसला तरी पत्ता लागत नाही. जखम चिघळते, पुन्हा होते, आणि असं करत करत हाड झिजून जातं. औषधं आहेत. १९८२ पासून तीन औषधांचा एकत्रित उपचार जगभर चालू आहे आणि रोग पूर्ण बरा होतो. पण गेलेली जाणीव परत येत नाही, म्हणून ही चप्पल. ‘दुखणं ही देवाची देणगी आहे’ असं त्या म्हणाल्या. त्या वयात ते वाक्य मला फार विचित्र वाटलं. आता तसं वाटत नाही.

तिथल्या एका खाटेवर बैलहोंगलकडची एक म्हातारी होती. हाताची बोटं आत वळलेली, पाण्याचा तांब्या तिला धरता येत नव्हता. ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मला कळलं होतं. कळलं नाही असं दाखवणं शक्य होतं, पण तिच्या ओठांना कोरड पडलेली दिसत होती. मी विचारलं, “नीर बेकेन्री, अज्जी?” हे माझं पहिलं कन्नड वाक्य. पाणी पाजल्यावर ती बोलतच राहिली, नातवंडांचं, ज्वारीचं, यल्लम्माच्या जत्रेचं. मी मोडकंतोडकं उत्तर देत राहिले. दवाखान्यातल्या सिस्टर मल्याळी होत्या. त्या एका खाटेवर कन्नड बोलायच्या, दुसऱ्यावर मराठी, आणि संध्याकाळी आपापसांत मल्याळम. त्यांची मल्याळम त्यामुळे कमी झालेली मला दिसली नाही. हजार किलोमीटरवरून आलेली ही बाई इथल्या दोन-दोन भाषा शिकून आपली भाषा शाबूत राखू शकते, मग मी का घाबरते, असं मनात आलं आणि ते मनात राहिलं.

घरी सांगायला मला भीती वाटत होती. सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि दोन-तीन दिवसांनी पेटीतून आमच्या जमिनीची पहाणी, म्हणजे आमच्याकडचा सातबारा, काढून माझ्यापुढे ठेवली. कन्नडमध्ये. “वाच.” मी अक्षर लावून वाचली. एकर, गुंठे, पीक, सगळं बरोबर होतं, फक्त आबांच्या आडनावात एक अक्षर चुकलेलं. आबांना ते ठाऊक असणारच, पण ते म्हणाले, “आता ह्याचा अर्ज तूच कर.” मी केला आणि नाव दुरुस्त झालं. त्यानंतर गावातले कितीतरी लोक कागद घेऊन आमच्या ओट्यावर यायला लागले. मराठीसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाच्या ओट्यावर त्याची नात कन्नड कागद वाचून दाखवते आहे आणि तो शेजारी बसून समाधानानं ऐकतो आहे, हे गावानं पाहिलं. त्यावर कुणी वाईट बोललं नाही.

आता मराठीचं सांगते, म्हणजे दुसऱ्या काळजीचं. कर्नाटकात दहावीला तीन भाषा, सगळे मिळून ६२५ गुण. आमच्या शाळेत मराठी घेता येत होती, पण घेणाऱ्या आम्ही थोड्याच. बाकीच्यांना कन्नड किंवा हिंदी सोपी वाटायची. आमच्या मराठीच्या बाई मेथडिस्ट, मूळच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या, आणि तुकाराम त्यांच्या जिभेवर. त्यांनीच सांगितलं की कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण आपण तुकारामाच्या पुलावरूनच ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणत. बाई रविवारी चर्चमध्ये पेटीच्या साथीनं मराठी भजनं म्हणायच्या आणि सोमवारी आम्हाला अभंग शिकवायच्या, आणि दोन्हींत त्यांचा आवाज एकाच ठिकाणाहून यायचा. धर्म बदलला म्हणजे भाषा गेली, असं आमच्या गावात धरूनच चालत. बाईंकडे बघून माझ्यापुरतं तरी ते कायमचं मिटलं.

एका वर्षी पालकांच्या बैठकीत कुणीतरी विषय काढला की एवढ्या थोड्या मुलींसाठी वेगळ्या बाई ठेवणं परवडत नाही, मराठी बंद करावी. मुख्याध्यापिका सिस्टरांना मराठी वाचता येत नव्हती. त्या काय म्हणाल्या ते बाईंनी आम्हाला वर्गात सांगितलं. त्या म्हणाल्या, थोड्या आहेत म्हणून बंद करायचं झालं तर आधी आपली शाळाच बंद करावी लागेल. विषय तिथंच संपला आणि आमचा वर्ग चालू राहिला.

बाई हे सांगत होत्या त्याच सुमाराला नागरिकशास्त्रात राज्यघटनेचे मूलभूत हक्क चालू होते. कलम ३० आलं. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे, हे बेळगावात सगळ्यांना ऐकून माहीत असतं आणि सगळ्यांना वाटतं की ते ख्रिस्ती-मुसलमानांपुरतं आहे. मी पुस्तकातलं वाक्य वाचलं. त्यात धर्म आणि भाषा शेजारी शेजारी होते. धर्मानं अल्पसंख्य असलेल्या सिस्टरांची शाळा आणि भाषेनं अल्पसंख्य असलेल्या आमच्या लोकांनी काढलेली मराठी शाळा, दोन्ही एकाच वाक्याच्या आधारानं उभ्या होत्या. बाईंनी पुढे आणखी दोन कलमं दाखवली, ३५० क आणि ३५० ख. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, आणि त्यांच्या हक्कांवर देखरेखीसाठी राष्ट्रपतींनी विशेष अधिकारी नेमावा. ही दोन्ही १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आली. ज्या राज्यपुनर्रचनेनं आमची ताटातूट केली तिच्याच पाठोपाठ हे संरक्षणही आलं होतं, आणि आमच्या घरात फक्त पहिल्याचीच आठवण काढली जात होती.

मी वही घरी नेली आणि आबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “परत वाच.” परत वाचली. मग त्यांनी ती दोन पानं उतरवून घेतली, त्यांच्या गोल, जुन्या वळणाच्या अक्षरात.

दहावीची परीक्षा झाल्यावर गावच्या जुन्या लोकांनी ठरवलं की एक अर्ज करायचा. भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांचं विभागीय कार्यालय त्या काळी बेळगावातच होतं. ज्या भागात एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असा संकेत केंद्रानं मान्य केलेला आहे. आमच्या गावात तर घराघरात मराठी. पहाण्या आणि नोटिसा कन्नडबरोबर मराठीतूनही मिळाव्यात, एवढंच मागायचं होतं. अर्ज इंग्रजीत हवा म्हणून तो माझ्याकडे आला. मी तीन पानं लिहिली, त्यात इतक्या वर्षांचा अन्याय आणला, हुतात्मे आणले. मग घाबरत घाबरत ती सिस्टरांकडे घेऊन गेले. कॉन्व्हेंटच्या बाईला सीमाप्रश्नात कशाला ओढायचं, असं घरात सगळ्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पानं वाचली. पेन्सिल घेतली आणि शेवटच्या पानावरची मागणी पहिल्या ओळीत नेली. कुठल्या कलमाखाली मागतोय ते दुसऱ्या ओळीत. माझी बरीचशी विशेषणं खोडली. “राग तुझ्याजवळ असू दे,” त्या म्हणाल्या, “कागदावर मागणी असू दे. जो वाचणार आहे त्याला तुझं काम करणं सोपं कर.” तीन पानांचं एक पान झालं. मागणीतला एकही शब्द त्यांनी मऊ केला नाही. अर्जावर गावातल्यांच्या सह्या आणि अंगठे झाले, आबांनी तो स्वतः नेऊन दिला, आणि त्याची पोच शेवटपर्यंत जपून ठेवली.

त्या एका पानात मला शाळा सगळी दिसते. थोडे असलेल्या माणसाला आवाज चढवून चालत नाही आणि गप्प बसूनही चालत नाही. त्याला आपलं म्हणणं इतकं स्वच्छ मांडावं लागतं की बहुसंख्य माणसाला ते नाकारताना विचार करावा लागेल. सिस्टर कित्येक वर्षं हेच करत आल्या होत्या, पोशाखानं वेगळ्या, धर्मानं वेगळ्या, आणि तरी बेळगावात त्यांना परकं म्हणणारा मला भेटला नाही.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणत नाही. शाळेच्या आवारात इंग्रजीच बोलायचं, मराठी किंवा कन्नड तोंडातून आली की दंड, हा नियम होता आणि तो मला आजही मान्य नाही. जी शाळा मराठीचा वर्ग जिवापाड राखते तिनंच मधल्या सुट्टीत मराठीवर दंड लावावा, हे जुळत नाही. त्या नियमानं कित्येक मुली मुक्या झाल्या. काही नंतर घरीही मराठीत लिहीनाशा झाल्या. आणि फी. माझ्या बाबांना ओव्हरटाइम मिळत होता म्हणून मी टिकले. गावातली माझ्यापेक्षा हुशार मुलगी भाताच्या खाचरात गेली आणि तिथंच राहिली. तिच्यासाठी त्या फाटकातून आत जायला वाटच नव्हती. ह्या गोष्टी मला आजही बोचतात, आणि जिथं मी इतकं मिळवलं तिथंच त्या होत्या म्हणून जास्त बोचतात.

आता गावच्या मराठी शाळेच्या सुधारणा समितीत मी आहे. पट दरवर्षी घसरतो आहे. सकाळी सातला गावातून पिवळ्या बसेस निघतात आणि चार-पाच वर्षांची पोरं, गळ्यात टाय, बेळगावला जातात. आम्ही मे महिन्यात घरोघर फिरतो. मी लोकांना सांगते की पहिली ते सातवी पोराला आपल्या भाषेत विचार करू द्या. मला बटाट्याचा डोळा आणि रताळ्याचा वेल आधी मराठीत कळला होता, म्हणून तो इंग्रजीत सांगता आला. समितीत मी दोन गोष्टींसाठी भांडते: शाळेत इंग्रजी चांगलं हवं आणि कन्नडही चांगलं हवं. दुसऱ्या मागणीला पहिल्या बैठकीत विरोध झाला. आबा असते तर त्यांनी काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे, आणि तेच मी बैठकीत सांगितलं. मागणी मंजूर झाली.

गेल्या वर्षी खालच्या गल्लीतल्या एका तरुण बापानं मला दारातच अडवलं. “अक्का, तुम्ही स्वतः सिस्टरांकडं शिकलासा, आणि आम्हाला मराठी शाळा सांगतासा?”

मी म्हटलं, “मी आठवीला गेलो. सातवीपर्यंत ह्याच वऱ्हांड्यात बसलो. तुझ्या पोरीला आठवीला तिकडं घालायची असली तर मी स्वतः तुझ्याबरोबर येतो, सिस्टरांशी बोलतो. फीचं बघू. पण आता नको.”

“आणि तोवर इंग्रजी कोण शिकवणार?”

“सुट्टीच्या शनिवारी मी येतो.”

तो विचार करतो म्हणाला. त्या जूनमध्ये त्याच्या पोरीचं नाव पटावर आलं नाही. शनिवारी मात्र ती येते, खाजगी शाळेच्या गणवेशात, धाकट्या भावाला हाताला धरून. पुढच्या वर्षी भावाची पहिली आहे, आणि त्याच्या नावाचं मी तिच्या बापाला अजून विचारायचं आहे.